रेल्वे स्थानकावरची कादंबरी



नागपुरात सीताबर्डीच्या झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाची वास्तू आहे. संघाची स्थापना १९२३ ची. 'युगवाणी' हे त्याचे मुखपत्र. तेथून निघालेला मनुष्य रमतगमत चालला तरी अर्ध्या तासाच्या आत नागपूरच्या रेल्वे स्थानकावर पोहोचतो. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन लोहमार्ग जेथे एकमेकांस छेदतात, ते हे स्थानक. या स्थानकावरील पुस्तकांच्या टपऱ्यांवर कित्येक दशके भडक मुखपृष्ठांच्या, वर्तमानपत्री कागदावर छापलेल्या पातळ कादंबऱ्या मांडलेल्या असत. वर्धा-अकोला मागे पडेतो अर्धी वाचून व्हावी, भुसावळला संपावी आणि उतरताना बाकावरच ठेवून द्यावी, अशी त्यांची रचना आणि अशीच त्यांची किंमत. साहित्य संघातील परिसंवाद आणि स्थानकावरची ही कादंबरी यांच्यामधील तेवढे अंतर मराठी साहित्यविचाराला मात्र अद्याप चालून जाता आलेले नाही.

लोकप्रिय साहित्याला कलामूल्य असते काय, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याने ते साहित्य वाचलेले असतेच असे नाही. किंबहुना ते वाचावे लागू नये म्हणूनच बहुधा हा प्रश्न इतक्या सर्वसाधारण स्वरूपात विचारला जातो. त्याची दोन उत्तरेही तयार आहेत. पहिले उत्तर असे की, रहस्यकथा, भयकथा, प्रणयकथा हा धंदा आहे आणि धंद्यात कला शोधणे व्यर्थ होय. दुसरे उत्तर अलीकडचे आणि दिसायला उदार आहे : सगळेच साहित्य सारखे, ज्याला जे रुचेल ते त्याने वाचावे. पहिल्या उत्तरात तुच्छता आहे आणि दुसऱ्यात बेफिकिरी. परंतु दोन्ही उत्तरे देणाऱ्याची एका कष्टातून सारखीच सुटका करतात. ते कष्ट म्हणजे पुस्तक उघडून त्यातील बरेवाईट निवडण्याचे.

मराठी कादंबरीचा जन्मच मुळी फारशा प्रतिष्ठित घरात झालेला नाही. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. वियोग, कारस्थाने, अद्भुत योगायोग आणि शेवटी सद्गुणांचा विजय हा त्यांचा ऐवज. त्या काळच्या गंभीर मंडळींना हे वाचन वेळेचा अपव्यय वाटे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरीला वास्तवाच्या भूमीवर आणले, हे सर्वमान्य आहे. पण ज्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीवर विद्यापीठांतून पिढ्यानपिढ्या प्रश्न विचारले गेले, ती १८९० मध्ये सुरू झालेल्या एका साप्ताहिकातून क्रमशः वाचली गेली आणि त्या साप्ताहिकाचे नाव होते 'करमणूक'. हरिभाऊंना त्या नावाची लाज वाटली नाही. पुढील आठवड्यात वाचक पुन्हा आला पाहिजे, ही गरज त्यांच्या लेखणीलाही होती आणि यमूच्या कहाणीचे त्यामुळे काही बिघडले नाही. नाथमाधव आणि गो. ना. दातार यांच्या कादंबऱ्या तर आजोबांपासून नातवापर्यंत एकाच प्रतीतून वाचल्या गेल्या.

मग ही भिंत उभी राहिली कोठे? कलाविषयक मतभेदांतून ती उभी राहिली, असे मानण्याचा प्रघात आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद त्यासाठी पुढे केला जातो. परंतु गंमत अशी की, त्या वादातील दोन्ही पक्षांचे सेनापती आपापल्या परीने अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार होते. भिंतीचे कारण बरेचसे ऐहिक आहे. एक पुस्तक पुठ्ठ्याच्या बांधणीचे. ते ग्रंथालयाच्या समितीपुढे जाणार, मासिकांत परीक्षणासाठी दोन प्रती जाणार, पुरस्कारासाठी चार. दुसरे पुस्तक महिन्याला ठरल्याप्रमाणे निघणार. चाळीच्या तोंडाशी असलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत एका दिवसाच्या भाड्याने फिरणार आणि पन्नास हातांतून गेल्यावर रद्दीत जाणार. पहिल्याला वाङ्मय म्हटले गेले, दुसऱ्याला माल. पुस्तकाची जात त्याच्या बांधणीवरून ठरू लागली. आणि जात एकदा ठरली की गुणांची चौकशी कोण करतो?

या दुसऱ्या वर्गातील सर्वांत मोठे नाव बाबूराव अर्नाळकर यांचे. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९३६ ते १९८४ या काळात त्यांनी १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, अशी गिनीजच्या विक्रमग्रंथाने नोंद घेतली. १९९६ साली ते निवर्तले. काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू ही त्यांनी निर्माण केलेली पात्रे महाराष्ट्रात घराघरांत ओळखली जात. गिरणीतला बदली कामगार, तालुक्याच्या कचेरीतला कारकून, शाळकरी पोर आणि दुपारची निजानीज झाल्यावर दार लोटून बसलेली गृहिणी हे सगळे त्यांचे वाचक होते. एकाही अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर ते बसले नाहीत. त्यात विशेष नाही. अनेक चांगले लेखकही बसलेले नाहीत. विशेष हे की, एक हजारांहून अधिक पुस्तके आणि लाखो वाचने यांच्या मानाने त्यांच्या लेखनाविषयीची गंभीर समीक्षा नाममात्रच राहिली.

ती झाली असती तर काय आढळले असते? प्रथम भाषा. अर्नाळकरांचे मराठी सरळ, नेमके आणि वेगवान आहे. इयत्ता चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला पहिल्या पानावरून शेवटच्या पानापर्यंत नेण्याची शक्ती त्यात आहे. आयुष्यात एक संपूर्ण पुस्तक वाचून संपवण्याचा पहिला अनुभव असंख्य माणसांनी त्यांच्याकडून घेतला. अर्थात हे सामाजिक मूल्य झाले, कलामूल्य नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करून लोकप्रिय लेखकाचा कैवार घेणे हा त्याच्यावरही अन्यायच होय. पण माहिती केव्हा द्यावी, केव्हा रोखावी आणि एखादे पात्र दोन-तीन वाक्यांत कसे उभे करावे, ही जाण निश्चितच कलेची आहे. शंभर पानांत घडणाऱ्या घटनेला तीनशे पाने देणाऱ्या पुष्कळ प्रतिष्ठित कादंबरीकारांनी ती थोडी उसनी घेतली असती तर बरे झाले असते.

आणि दोष? तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. महिन्याला पुस्तके पुरवायची म्हटल्यावर साचा अपरिहार्य होतो आणि साच्यातून निघालेल्या माणसांना बदलता येत नाही. झुंजार पहिल्या पुस्तकात जसा असतो तसाच शंभराव्यात. त्याहून गंभीर गोष्ट त्या आकृतिबंधातच दडलेली आहे. रहस्यकथेत दुष्टाव्याला नाव असते आणि पत्ता असतो. शेवटच्या प्रकरणात त्याचा मुखवटा गळून पडतो, बेड्या पडतात, आणि जग जसे होते तसे पुन्हा सुरळीत चालू लागते. ज्या गिरणगावात किंवा ज्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या वस्तीत हे पुस्तक वाचले जात होते, तेथील दुःख मात्र असे एका मुखवट्यामागे सापडणारे नव्हते. ते पगाराच्या चिठ्ठीत होते, सावकाराच्या वहीत होते, बदलीवर घेतलेल्या मजुराच्या रोज सकाळच्या अनिश्चिततेत होते. काळा पहाड कायद्याबाहेर राहून न्याय करतो म्हणून वाचक सुखावतो. हा न्याय त्याला कायद्याच्या आत मिळत नाही, याची ती कबुलीच आहे. पण तो न्याय एकटा वीर रात्रीच्या अंधारात आणून देतो. ज्याचे गेले आहे त्याने आपल्या शेजाऱ्याला हाक मारण्याचे कारणच उरत नाही. ही टीका अर्नाळकरांच्या हयातीत कोणी त्यांच्यासमोर बसून केली असती, तर ती त्यांना मिळालेला पहिला वाङ्मयीन सन्मान ठरली असती.

अंतोनिओ ग्रामची मुसोलिनीच्या तुरुंगात होता, तेव्हा त्याला अशाच एका प्रश्नाने पछाडले होते. इटलीतील सामान्य वाचक आपल्या भाषेतील लेखकांना सोडून फ्रेंच द्यूमा आणि स्यू यांच्या क्रमशः कादंबऱ्या का वाचतो? वाचक बिघडला आहे, हे सोपे उत्तर त्याने स्वीकारले नाही. इटलीतील बुद्धिजीवी वर्ग आपल्याच लोकांपासून तुटलेला आहे, लोकांच्या भावना त्याला आपल्या वाटत नाहीत, म्हणून लोक दुसरीकडे जातात, असे त्याचे निदान होते. त्याने त्या कादंबऱ्यांची स्तुती केली नाही, पण त्या वाचल्या. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे.

आपल्याकडे हे वाचण्याचे काम एकदा चक्क न्यायालयाला करावे लागले. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. ती अश्लील असल्याची फिर्याद पुण्यात दाखल झाली. खालच्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले; मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला; आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या निकालपत्रात कवी कदम आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता व श्यामा या तिघींची कहाणी क्रमाने तपासलेली आहे. न्यायमूर्तींचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, अपरिपक्वही असेल, परंतु तेवढ्याने ती अनीतिकारक ठरत नाही, असा त्याचा आशय. सुमार असणे आणि अपायकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा साहित्यशास्त्राचा प्राथमिक धडा दिल्लीच्या न्यायासनावरून द्यावा लागला. उलट बाजूनेही तो खरा आहे. एखादी कृती अत्यंत कुशल असूनही अपायकारक असू शकते. पण ते ठरवायला न्यायालयाकडे साधने नसतात, ती समीक्षकाकडे असावी लागतात.

विज्ञानकथेचे नशीब त्या मानाने चांगले निघाले, आणि ते का निघाले हे पाहण्यासारखे आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या अज्ञात लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हा लेखक म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञाने आपले नाव लपवून परीक्षा द्यावी, यात त्यांची सचोटी आहे. पण नाव उघड झाल्यानंतर त्या साहित्यप्रकाराला जी मान्यता मिळाली, तिच्यात कथेचा वाटा किती आणि केंब्रिजचा किती, हे विचारायला हरकत नसावी. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, विज्ञानकथेचा लेखक त्या जागी पोहोचला, हे आनंदाचेच. साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र २०१४ साली त्यांच्या आत्मचरित्राला मिळाला, विज्ञानकथांना नव्हे. नारायण धारपांना असे विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. त्यांच्या भयकथा लायब्ररीच्या खालच्याच फळीवर राहिल्या. २०१८ मध्ये 'तुंबाड' नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेले आणि त्यातील भयाचे बीज धारपांच्या कथेतले, असे उघड झाले. मराठीत ज्यांना कोणी एका फळीवर ठेवले नाही, ते दोन लेखक असे हिंदी पडद्यावर शेजारी बसले.

आता दोन उदाहरणे अशी, जी या भिंतीचे दगडच खिळखिळे करतात. पहिले अण्णाभाऊ साठे यांचे. शाळा जेमतेम दीड दिवसाची, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, गिरणीतली मजुरी, लाल बावट्याच्या कलापथकाचा फड. १९५९ ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. तिची बांधणी पाहा : घोड्यावरचा पाठलाग, गावागावांतील वैर, दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी लुटलेला खजिना, ओलीस धरलेल्या आप्तांसाठी स्वतःहून हजर होणारा नायक. हा सगळा साहसकथेचा, दरोडेखोराच्या कथेचा ऐवज आहे. अण्णाभाऊंनी तो टाळला नाही, त्याबद्दल क्षमाही मागितली नाही. पण येथे नायकाला बंडाकडे ढकलणारी गोष्ट एखाद्या खलनायकाची लहर नसून भूक आणि गावगाड्यातील जागा ही आहे. काळा पहाड एकटा असतो. फकिराच्या पाठीशी अख्खा मांगवाडा आहे आणि फकिराचे मोठेपण त्या वाड्यावाचून सांगताच येत नाही. तोच आकृतिबंध, पण त्यात मावलेले जग निराळे. राज्य शासनाने १९६१ मध्ये या कादंबरीला पुरस्कार दिला खरा. तरी अभिरुचीच्या रखवालदारांनी 'भडक', 'रंजक', 'चित्रपटीय' ही विशेषणे अण्णाभाऊंच्या नावापुढून बराच काळ हलवली नाहीत. भाऊ पाध्ये किंवा बाबूराव बागूल यांना दुसऱ्या कारणांनी जे सोसावे लागले, त्याच्याशी याचे नाते आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

दुसरे उदाहरण या नागपूरचे आहे आणि ते एकाच घरातले आहे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत आणि शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. गजानन माधव १९४८ ते १९५८ ही दहा वर्षे नागपुरात होते; सरकारी माहिती खाते, आकाशवाणी आणि पुढे 'नया खून' साप्ताहिक अशी त्यांची ओढगस्तीची चाकरी चालली. हिंदीतील सर्वांत अवघड, सर्वांत बौद्धिक कवी म्हणून त्यांची ख्याती. आणि त्यांनी हाताशी घेतलेली सामग्री कोणती? 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा चक्क भुताची आहे. काशीत एका ओसाड वाड्यात गुरू शिष्याला बारा वर्षे विद्या शिकवतो. शेवटच्या दिवशी जेवताना जागेवरून न उठता त्याचा हात लांबत जातो आणि थेट स्वयंपाकघरातून तुपाचे भांडे घेऊन येतो. आजीने सांगितलेल्या गोष्टीतला हा हात आहे. पण मिळवलेले ज्ञान दुसऱ्याला दिले नाही म्हणून तो पंडित ब्रह्मराक्षस झालेला असतो, हे कळते तेव्हा अंगावर येणारा काटा केवळ भयाचा राहत नाही. साऱ्या पंडितवर्गाविषयीचा तो अभियोग असतो.

त्यांची 'अंधेरे में' ही दीर्घ कविता तर रहस्यकादंबरीच्या यंत्रणेवरच चालते. खोल्यांतून फिरणारा, न दिसणारा कोणी एक, दारावरची साखळी, मध्यरात्रीची मूक मिरवणूक, ती पाहिली म्हणून जिवावर बेतलेला साक्षीदार, शहरात लागलेला लष्करी कायदा, पाठलाग, चौकशी. त्या मिरवणुकीत सेनाधिकारी आहेत, मंत्री आहेत, उद्योगपती आहेत, नामांकित समीक्षक, विचारवंत आणि कवीही आहेत, आणि त्यांच्याबरोबर शहरातील कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्ताद चालतो आहे. रहस्यकथेत खुनी एकटा असतो. मुक्तिबोधांच्या अंधारात तो प्रतिष्ठितांच्या खांद्याला खांदा लावून चालतो, आणि रहस्य हेच की सगळे एकाच मिरवणुकीत आहेत. आकृतिबंधाची जी मर्यादा अर्नाळकरांच्या कथेत दिसते तीच येथे कवितेचे शस्त्र झाली आहे. हे करण्यासाठी मुक्तिबोधांना पाठलाग, साक्षीदार, दारावरची थाप या गोष्टींची वाचकाच्या मनावरील पकड ठाऊक असावी लागली. त्यांनी त्या गोष्टींना हलके मानले असते तर ही कविता लिहिली गेली नसती. (समीक्षकांना त्या मिरवणुकीत जागा दिली, याबद्दल समीक्षकांनी त्यांच्यावर राग धरला नाही, हे नमूद केले पाहिजे.)

धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरातच मराठीचे प्राध्यापक होते. 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या त्यांच्या कादंबऱ्या चौकस वाचकांना माहीत आहेत. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या त्यांच्या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याचे मूल्य जीवनापासून अलग केलेल्या निव्वळ सौंदर्यात शोधता येत नाही, ते 'मानुषते'शी निगडित असते, ही त्यांची भूमिका. ही कसोटी हाती घेतली तर आजच्या विषयातील पुष्कळसा गोंधळ दूर होण्यासारखा आहे. कारण ती साहित्यप्रकार विचारत नाही. पुस्तक कोठे विकले गेले हेही विचारत नाही. कृतीत माणूस केवढा मावला आहे, एवढेच ती विचारते. या कसोटीवर बहुतेक रहस्यकथा नापास होतील, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण शब्दांच्या नक्षीत मग्न झालेल्या, स्वतःच्या एकटेपणाचीच आरती ओवाळणाऱ्या अनेक प्रतिष्ठित कृतीही त्यांच्या शेजारीच बसतील.

विदर्भानेच दिलेल्या आणखी एका लेखकाने हे अंतर आपल्या पायांनी कापून दाखवले. परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांत वेग आहे, कारस्थान आहे, पुढे काय होणार ही धाकधूक आहे. इंग्रजीत ज्याला थ्रिलर म्हणतात त्याचे सगळे अवयव तेथे आहेत. पण मुख्यमंत्र्याची खुर्ची, कामगार पुढारी डिकास्टा, तस्करीचा पैसा आणि हे सगळे पाहून हतबुद्ध होणारा पत्रकार दिगू हे एकाच जाळ्याचे धागे आहेत, हे वाचकाला त्या धाकधुकीतूनच उमगत जाते. ते शोधनिबंधातून उमगले नसते. विज्ञानकथेचाही साधूंना विटाळ नव्हता; 'स्फोट' आणि 'विप्लवा' त्यांनीच लिहिल्या. २००७ साली ८० वे अखिल भारतीय साहित्य संमेलन नागपुरात भरले, त्याचे अध्यक्ष हे साधूच होते. मग भिंत पडली म्हणायचे का? तसे नाही. साधूंच्या कादंबऱ्या प्रतिष्ठित प्रकाशनसंस्थेकडून, पुठ्ठ्याच्या बांधणीत आल्या होत्या. त्याच गुणांची एखादी कादंबरी वर्तमानपत्री कागदावर आली असती, तर ती कोणाच्या टेबलावर पोहोचली असती, हा प्रश्न उरतोच.

एक आक्षेप येथे उत्तराची अपेक्षा करतो. लोकांना जे आवडते ते छापणाऱ्याचा कैवार घेणे म्हणजे बाजाराचा कैवार घेणे नव्हे काय? समाजवादी विचाराच्या माणसाने हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. लोकप्रिय आणि लोकांचे हे दोन शब्द समानार्थी नाहीत. बाजार लोकांना जे देतो त्यातूनच लोक निवडतात, आणि मग त्या निवडीलाच त्यांची अभिरुची म्हटले जाते. स्त्रीला केवळ बळी किंवा मोहिनी म्हणून रंगवणारी, पोलिसी बळाची पूजा करणारी, परधर्मीयाला सवयीने खलनायक करणारी लोकप्रिय पुस्तके निघाली आहेत आणि निघत राहतील. त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे. परंतु न वाचता केलेला तिरस्कार म्हणजे समाचार नव्हे. तिरस्काराने आजवर एकाही वाईट पुस्तकाची विक्री कमी झालेली नाही; फक्त चांगल्या पुस्तकाला त्या गर्दीतून वेगळे काढणारा कोणी राहिलेला नाही.

आणि लोकांच्या निवडीविषयी निराश होण्यापूर्वी दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ तेथे लाखो माणसे जमतात आणि मैदानाच्या भोवती पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते. रात्रीच्या पॅसेंजरने आलेली, भाकरीची शिदोरी संपवलेली शेतमजूर बाई तेथे उभी राहून पुस्तकाची किंमत विचारते. बाबासाहेबांचे ग्रंथ, जोतिरावांची पुस्तके, अण्णाभाऊंच्या कादंबऱ्या, गीतांच्या पुस्तिका हे सारे एकाच ताडपत्रीवर मांडलेले असते. त्या ताडपत्रीवर वरची आणि खालची फळी नसते. मराठी वाचक संपला, हे भाषण ज्यांना करायचे असेल त्यांनी ते तेथे उभे राहून करावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. समीक्षेला पुस्तके लागतात, आणि ही पुस्तके नाहीशी होत आहेत. वर्तमानपत्री कागद चाळीस-पन्नास वर्षांत पिवळा पडून हातात चुरा होतो. भाड्याने पुस्तके देणाऱ्या लायब्रऱ्या बहुतेक बंद पडल्या आणि त्यांचा साठा किलोच्या भावाने गेला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी जुनी वाचनालये विदर्भातील प्रत्येक जिल्ह्यात आहेत. एखाद्या कोपऱ्यातल्या कपाटात अर्नाळकर, धारप, काकोडकर, गुरुनाथ नाईक यांचे गठ्ठे निर्लेखनाच्या यादीत नाव लागण्याची वाट पाहत असतात. ते गठ्ठे रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी त्यांची सूची करणे, एकेक प्रत राखून ठेवणे आणि मराठीच्या दोन-चार विद्यार्थ्यांना त्यांतील शंभर पुस्तके खरोखर वाचायला लावणे, हे काम साहित्य संघाच्या आणि विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याबरोबर जुन्या देवघेवीच्या नोंदवह्याही जपाव्यात. त्यांत कोणी कोणते पुस्तक किती वेळा नेले हे तारखेसह लिहिलेले आहे.